पूर्वजांच्या गावाचा शोध : गिरमिटियांचे वंशज भारतात

इ. स. १८३४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या दोन तारखेला ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून निघून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोहोचले. त्यातून ३६ मजूर उतरले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरीची प्रथा नुकतीच कायद्याने बंद झाली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. ठराविक मुदतीच्या कराराने बांधलेले हे मजूर म्हणजे त्या गरजेची पूर्तता होती. ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि करार करून गेलेला तो ‘गिरमिटिया’ ठरला. पुढे हा ओघ वाढतच गेला. १८३८ साली ब्रिटिश गियाना, १८४५ साली त्रिनिदाद, १८६० साली नाताळ, १८७३ साली डचांचे सुरिनाम आणि १८७९ साली फिजी अशी एकामागून एक वसाहतींची दारे उघडली. मॉरिशसला साडेचार लाखांहून अधिक, गियानाला सुमारे २ लाख ३९ हजार, नाताळला सुमारे १ लाख ५२ हजार, त्रिनिदादला १ लाख ४० हजारांहून अधिक, फिजीला सुमारे ६० हजार आणि सुरिनामला सुमारे ३४ हजार माणसे गेली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० आणि १९१२ साली कायदेमंडळात या प्रथेविरुद्ध ठराव मांडले. १९१७ साली भरती थांबली आणि १९२० च्या जानेवारीत फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

या माणसांपैकी काही परत आली. हे प्रमाण वसाहतीगणिक वेगळे होते, पण साधारणपणे चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि फिजीच्या बाबतीत त्याहूनही थोडे अधिक, लोक भारतात परतले. उरलेले तेथेच राहिले. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज त्या देशांत नांदते आहे. यांपैकी काही जण विमानाने दिल्लीस किंवा कलकत्त्यास उतरतात, तेथून रेल्वेने पाटणा, गोरखपूर किंवा बनारस गाठतात आणि हातात एका जुन्या कागदाची नक्कल घेऊन एखाद्या खेड्याची वाट विचारीत फिरतात. या यात्रेचे स्वरूप नीट समजून घ्यावयाचे असेल, तर आरंभ त्या कागदापासूनच करावयास हवा.

एमिग्रेशन पास

मजूर जहाजावर चढण्यापूर्वी त्याच्या नावाचा एक पास तयार होत असे. त्यावर जहाजाचे नाव, डेपोतील क्रमांक, मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जवळच्या नातेवाइकाचे नाव, विवाह झाला असल्यास कोणाशी, आणि मग जिल्हा, ठाणे व गाव अशा ओळी असत. शेवटी उंची आणि अंगावरच्या खुणा नोंदल्या जात. कपाळावरचा व्रण, डाव्या पायावरील भाजल्याचा डाग, देवीचे वण यांसारख्या या खुणा पळून गेलेल्या मजुरास ओळखून पकडता यावे म्हणून लिहिल्या जात. वंशावळी जपावी, नातवा-पणतवांना गाव सापडावे, असा कोणताही हेतू त्यामागे नव्हता. तरीही ज्या शेतकऱ्याच्या घरी लिहिलेला कागद कधी आला नव्हता, त्याच्या कुळाचा पहिला लेख हाच होय. मालकाने मजुरावर ताबा ठेवण्यासाठी केलेली नोंद शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच मजुराच्या वारसांची सनद होऊन बसली. या सनदेत काय लिहिले गेले आणि काय सुटले, यावरच पुढच्या शोधाचे यश अवलंबून असते.

कागद जेथे टिकले तेथे ते पुष्कळ टिकले. मॉरिशसमधील नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. तेथे शेकडो खंड आणि मजुरांची छायाचित्रेही जतन केलेली आहेत. आपल्या खापरपणजोबाचा चेहरा पाहावयास मिळणे ही गोष्ट भारतातल्या फार थोड्या शेतकरी कुटुंबांच्या नशिबी असते, मॉरिशसमधील कित्येक घरांना मात्र ते भाग्य लाभले आहे. फिजीचे पास सुवा येथे, गियानाच्या वह्या जॉर्जटाऊनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सुरिनामच्या नोंदी डचांच्या नेटकेपणामुळे बहुतांशी शाबूत राहिल्या. मॉरिट्स हसनखान आणि सँड्यू हीरा यांच्या परिश्रमाने त्यांची सूची तयार झाली आणि आता त्या नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत घरबसल्या पाहता येतात.

या कागदांचा अभ्यास म्हणून सर्वांत मोठे काम ब्रिज लाल यांनी केले. फिजीच्या लाबासा भागात जन्मलेल्या या इतिहासकाराचे आजोबा उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यातून गिरमिटावर गेले होते. कलकत्त्याहून फिजीस गेलेल्या ४५,४३९ व्यक्तींचे पास लाल यांनी एकेक करून तपासले आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांचे वर्गीकरण केले. ‘गिरमिटियाज’ हा त्यांचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. मजूर सारे खालच्या जातींचे, कंगाल आणि भोळे होते, हा तोवर रूढ असलेला समज त्यामुळे टिकेनासा झाला. ब्राह्मण, ठाकूर, अहीर, कुर्मी, चांभार, मुसलमान असे ग्रामीण समाजातील सर्व थर त्या यादीत होते. जिल्ह्यांमध्ये बस्ती अग्रस्थानी होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पुष्कळ मजुरांची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात झालेली नव्हती. कामधंद्यासाठी ते आधीच घर सोडून कलकत्ता, कानपूर, बनारस अशा ठिकाणी गेले होते आणि तेथे भरती करणाऱ्या ‘अरकाट्या’च्या हाती लागले. म्हणजे गाव सुटले ते जहाजामुळे नव्हे, त्याआधीच. घरच्यांना आपला माणूस समुद्रापार गेला हे कित्येकदा कळलेच नाही. तो पूर्वेकडे चाकरीला गेला आणि परतला नाही, एवढेच त्यांना ठाऊक राहिले.

नावांचा गोंधळ

पास हाती आला म्हणजे गाव सापडले, असे कोणी समजू नये. डेपोतील कारकून रोमन लिपीत लिहीत असे. समोरचा माणूस भोजपुरी, मगही किंवा अवधी बोलत असे. ‘त’ आणि ‘ट’, ‘ड’ आणि ‘ड़’ यांतील भेद रोमन लिपीत उतरत नाही, आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ हेही कळत नाही. त्यामुळे एकाच नोंदीचे तीन-चार वाचन संभवतात आणि त्या प्रत्येक वाचनाचे एखादे तरी खेडे त्या प्रदेशात असतेच. रामपूर, माधोपूर, हरपूर या नावांची गावे तर जिल्ह्या-जिल्ह्यात विखुरलेली आहेत. अशा वेळी ठाण्याचे नाव हाच खरा आधार असतो. जिल्हा फार मोठा, गाव फार लहान, ठाणे मात्र शोधण्याजोगे असते.

तथापि जिल्हे आणि ठाणी यांच्या सीमाही स्थिर राहिलेल्या नाहीत. पासावर ‘शाहाबाद’ असे लिहिलेले असेल, तर तो जिल्हा आज नकाशात दिसणार नाही. १९७२ साली त्याचे भोजपूर आणि रोहतास असे दोन भाग झाले, पुढे १९९१ साली त्यांतून बक्सर आणि कैमूर वेगळे निघाले. जुन्या सारण जिल्ह्यातून सिवान आणि गोपालगंज हे जिल्हे झाले. जुन्या गोरखपुरातून १९४६ साली देवरिया आणि १९८९ साली महाराजगंज निघाला. बस्तीमधून १९८८ साली सिद्धार्थनगर आणि १९९७ साली संत कबीर नगर झाले. फैजाबादचे नाव २०१८ साली अयोध्या झाले. शिवाय घाघरा, गंडक आणि गंगा या नद्या आपले पात्र बदलीत असतात. नदीकाठच्या ‘दियारा’ भागातील गावे वाहून जातात आणि वाचलेली वस्ती जुन्याच नावाने काही कोसांवर पुन्हा उभी राहते. शोध घेणारा अचूक नावाच्या गावी जाऊन पोहोचतो, पण ती भूमी त्याच्या पणजोबांनी कधी पाहिलेलीच नसते.

माणसांच्या नावांची स्थिती तर याहून कठीण आहे. वसाहतींतील कारकुनांना आडनाव हवे होते आणि बहुसंख्य मजुरांपाशी ते नव्हते. मग जहाजावरून उतरलेल्या पहिल्या माणसाचे व्यक्तिनाव हेच त्याच्या मुलानातवंडांचे आडनाव झाले. मॉरिशसमधील मराठी भाषकांना याचा विशेष फटका बसला. हे लोक मुंबई बंदरातून गेले आणि त्यांतील बरेच रत्नागिरी व सावंतवाडीकडचे होते. कोकणात गावाच्या नावास ‘कर’ लावून आडनाव करण्याची रीत आहे. तेच आडनाव नोंदले गेले असते, तर गावाचा पत्ता पिढ्यान्‌पिढ्या घराबरोबर चालत आला असता. परंतु वहीत सखाराम, गोविंद एवढेच लिहिले गेले आणि पत्ता तेथेच पुसला गेला. रत्नागिरी जिल्ह्याचेही पुढे दोन भाग झाले. सावंतवाडी संस्थान १९४८ साली त्या जिल्ह्यात आले आणि १९८१ साली दक्षिणेकडील सारा मुलूख सिंधुदुर्ग या नावाने वेगळा झाला. ज्या घरांत कुलदैवताचे नाव टिकून राहिले, त्यांच्यापाशी मात्र एक धागा उरतो, कारण कोकणातील कुळे विशिष्ट देवस्थानांशी बांधलेली असतात. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. भाषा आणि सण टिकले, आडनाव आणि गाव हरपले, असा हा विचित्र प्रकार होय.

गावात चालणारी चौकशी

गावी पोहोचल्यावर शोधाची रीत बदलते. कागद मागे पडतो आणि माणसांची स्मृती पुढे येते. प्रथम चौकीदार किंवा मुखिया, मग एखादा वृद्ध, मग ज्या जातीचा उल्लेख पासात आहे त्या जातीचा टोला, अशा क्रमाने चौकशी सरकते. बिहारमध्ये या कामी ‘खतियान’ फार उपयोगी पडतो. १८९० नंतरच्या दशकांत उत्तर बिहारातील चंपारण, सारण इत्यादी जिल्ह्यांची आणि पुढे शाहाबादची शेतवार मोजणी झाली, तेव्हा प्रत्येक रयतेचे नाव, बापाचे नाव आणि जमिनीचा तुकडा नोंदला गेला. गिरमिटियाचा बाप किंवा भाऊ तेव्हा जिवंत आणि कुळवहिवाटीने जमीन कसणारा असेल, तर तो खतियानात सापडतो. उत्तर प्रदेशात खेवट आणि खतौनी यांचा आधार घ्यावा लागतो. गया, प्रयाग, हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्यांतही कुळांची नावे आढळतात. परंतु यात्रेस जाण्याची ऐपत असलेल्या घरांचीच ही नावे होत, भूमिहीन मजुराचे नाव पंड्याच्या वहीत नाही आणि खतियानातही नाही.

येथे या यात्रेतील एक अवघड गाठ लक्षात घ्यावयास हवी. ज्या दस्तऐवजाने नाते सिद्ध होते, त्याच दस्तऐवजाने जमिनीवरील हक्कही सिद्ध होतो. परदेशातून आलेला पाहुणा केवळ माती कपाळी लावावयास आलेला असतो. गावातील भावकीला मात्र तो आपल्या आज्याच्या भावाचा पणतू, म्हणजेच एका हिश्शाचा वारस वाटू शकतो. खतियान हा शब्द उच्चारताच अंगणातील वातावरण बदलते. काही ठिकाणी वृद्धांना सारे आठवत असूनही ते आठवत नसल्याचे सांगितले जाते. याच्या उलट प्रकारही घडतो. पाहुणा श्रीमंत दिसतो, गावाला शाळा किंवा रस्ता हवा असतो, आणि मग दोन-तीन घरे एकदमच त्याच्याशी नाते सांगू लागतात. या दोहोंपैकी कोणत्याही वर्तनास सरसकट लबाडी म्हणणे न्याय्य होणार नाही. तीन बिघे जमिनीवर पाच जणांचे कुटुंब जगत असेल, तर वारसाची धास्ती ही कल्पनेतील धास्ती नसते.

व्ही. एस. नायपॉल यांचा अनुभव या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेले हे लेखक १९६२ साली प्रथमच भारतात आले आणि गोरखपूरजवळच्या आपल्या आईकडील आजोबांच्या गावी, दुबे घराण्याच्या वस्तीवर गेले. हे आजोबा स्वतः भारतात येऊन जात असत आणि १९२६ साली अशाच एका फेरीत त्यांचे येथे निधन झाले. त्यामुळे या घराचा संबंध इतरांसारखा पूर्ण तुटलेला नव्हता. गावात नायपॉल यांना एक वृद्ध स्त्री भेटली. ती त्रिनिदादमध्ये त्याच कुटुंबात वाढून आजोबांबरोबर परतली होती, आणि तिच्या तोंडून दोन्ही घरांची हकीकत जुळत गेली. इतके सारे अनुकूल असूनही भेट फसली. घराचा तेव्हाचा कर्ता पुरुष जमिनीच्या दाव्यासाठी पैसे मागण्यास पाहुण्याच्या मुक्कामापर्यंत आला. पाहुण्यास त्याची भाषा नीट कळेना आणि त्याचा तगादा सोसवेना. निघतेवेळी एका मुलाने गाडीतून येण्याची इच्छा दर्शविली, तर त्यास नकार देऊन नायपॉल तेथून जवळजवळ पळून गेले. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ या पुस्तकात त्यांनी हे सर्व लिहिले आहे आणि त्यात आपली निष्ठुरताही लपविलेली नाही. भारतात या पुस्तकावर रोष झाला, तो पुष्कळसा समजण्याजोगाही आहे. परंतु गावच्या भेटीपुरते पाहिल्यास, येणाऱ्याने काय योजून यावे आणि त्याच्याकडून काय मागितले जाईल, यातील अंतर इतक्या उघडपणे फार थोड्यांनी मांडले आहे.

राजकीय पुढाऱ्यांच्या भेटी अर्थातच निराळ्या होतात. मॉरिशसचे पंतप्रधान नवीन रामगुलाम २००८ साली भोजपूर जिल्ह्यातील हरिगाव येथे गेले. त्यांचे आजोबा, म्हणजे स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील, तेथून गेले होते. त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या पंतप्रधान कमला परसाद-बिसेसर यांनी २०१२ च्या जानेवारीत बक्सर जिल्ह्यातील भेलूपूरला भेट दिली, त्यांचे पणजोबा १८८९ साली ते गाव सोडून गेले होते. पुढच्याच वर्षी मॉरिशसचे राष्ट्राध्यक्ष कैलाश पुरयाग पाटण्याजवळच्या वाजितपूर गावी गेले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. अशा प्रसंगी नात्याची शहानिशा आधीच सरकारी यंत्रणेने केलेली असते, रस्ते दुरुस्त होतात आणि गाव उत्सव करते. या भेटींची वर्णने वाचून सामान्य प्रवासी येतो, तेव्हा त्याची निराशा होण्याचा संभव अधिक असतो.

जात आणि स्त्रिया

पासावरील जातीचा रकाना हा अनेक कुटुंबांना हादरा देणारा ठरतो. जहाजावर एका पंक्तीत जेवावे लागे, जातीचे बंधन तेथेच सैल पडे आणि त्या जागी ‘जहाजी भाई’ हे नवे नाते जुळे. वसाहतीत पोहोचल्यावर काहींनी आपली जात बदलून सांगितली. कॅरिबियन बेटांत अशांना थट्टेने ‘जहाजावर झालेले ब्राह्मण’ म्हणत. चार पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या घरातील मुलगा अभिलेखागारातून पास काढतो आणि त्यावर काही निराळेच लिहिलेले असते. उलट बाजूनेही असत्य शिरलेले असते. मळ्यास शेतमजूर हवेत, हात मऊ असलेला ब्राह्मण नको, म्हणून भरतीच्या वेळी काहींनी आपली उच्च जात दडविली होती. तेव्हा कागद खरा की घरातील परंपरा खरी, याचा निवाडा दरवेळी करता येत नाही. गावात मात्र निवाडा करावाच लागतो, कारण कोणत्या टोल्यात विचारावयाचे हे जातीवरून ठरते. त्रिनिदाद किंवा सुरिनाममध्ये ज्याने आपली जात कधी उच्चारली नाही, त्यास पूर्वजांच्या गावात शिरताच पहिला प्रश्न तोच ऐकावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर शोधाचा मार्ग बहुधा अर्ध्यातच खुंटतो. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठविल्या पाहिजेत असा नियम होता. ब्रिज लाल यांच्या अभ्यासात यांपैकी बहुतांश स्त्रिया एकट्याच गेल्याचे दिसते. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, सासर सोडून निघालेल्या होत्या, नवऱ्याच्या शोधात कलकत्त्यापर्यंत आलेल्याही होत्या. गायत्रा बहादूर या गियानात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या पत्रकार लेखिकेने आपल्या पणजीचा असाच शोध घेतला. ही पणजी १९०३ साली ‘क्लाइड’ जहाजाने कलकत्त्याहून निघाली. तिचे नाव सुजारिया, वय २७, जात ब्राह्मण, गाव सारण जिल्ह्यातील मांझी ठाण्यातले. ती एकटी होती आणि गरोदर होती. मूल प्रवासातच जन्मले. लेखिका बिहारमधील त्या गावापर्यंत गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कूली वूमन’ या तिच्या ग्रंथात उत्तरांपेक्षा प्रश्नच अधिक आहेत, आणि ते योग्यच होय. पासावर लिहिलेले गाव माहेरचे की सासरचे? ती पळाली की तिला पळविले? ज्या घरातून एक तरुण सून नाहीशी झाली, ते घर तिचे नाव पुढच्या पिढीस कशाला सांगेल? परागंदा झालेल्या मुलाची आठवण आई काढते, त्याच्यावर गाणी होतात, भिखारी ठाकुरांच्या ‘बिदेसिया’ नाटकासारखी नाटकेही होतात. निघून गेलेल्या स्त्रीच्या वाट्यास गावात केवळ मौन येते. आईकडून आलेली वंशरेषा शोधणाऱ्यास हे मौन फोडता येण्याचा संभव फार कमी असतो.

भाषेचा धागा मात्र कधीकधी अनपेक्षित साहाय्य करतो. सुरिनाममधील सरनामी, फिजी हिंदी आणि मॉरिशसची भोजपुरी यांत शंभर वर्षांपूर्वीचे शब्द आणि रूपे टिकून आहेत. मॉरिशसमधील भोजपुरी विवाहगीतांचा ‘गीत-गवाई’ हा प्रकार २०१६ साली युनेस्कोच्या सूचीत समाविष्ट झाला. सुरिनामी पाहुणा आपल्या आजीची बोली बोलू लागला की गावातील म्हाताऱ्या चटकन जवळ येतात, आणि गावातील तरुण मात्र पाहुण्याचा मान म्हणून शाळेतली हिंदी बोलू लागतात. त्रिनिदादच्या प्रवाशास हे सुख नाही, तेथे बोली जवळजवळ लोपली आहे. त्याच्यापाशी दहावीस शब्द असतात, तेही बहुधा स्वयंपाकघरातले आणि देवघरातले.

सरकार आणि सनद

या शोधास सरकारी साहाय्य उशिरा मिळाले. २००८ साली भारत सरकारच्या तत्कालीन प्रवासी भारतीय कार्य मंत्रालयाने मुळांचा शोध घेण्याची एक योजना सुरू केली. अर्जदाराने ३० हजार रुपये भरावयाचे आणि शोध निष्फळ ठरल्यास त्यांतील २० हजार परत मिळावयाचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे हे मंत्रालय २०१६ साली परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले. अलीकडे पासांना आणखी एका कारणाने मोल आले आहे. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या कार्डासाठीची पिढ्यांची मर्यादा गिरमिटियांच्या वंशजांकरिता वाढविण्यात आली. सुरिनामसाठी २०२३ साली ती चौथ्या पिढीवरून सहाव्या पिढीपर्यंत नेण्यात आली, मॉरिशसच्या सातव्या पिढीसाठी २०२४ साली विशेष तरतूद जाहीर झाली आणि त्रिनिदाद व टोबॅगोच्या सहाव्या पिढीसाठी २०२५ च्या जुलैत तशी घोषणा झाली. परिणामी पणजोबांचे नाव आणि आजोबांच्या जन्मनोंदीतील नाव जुळविण्याची खटपट आता अधिकृत कामासाठीही करावी लागते. एका कागदावर ‘रामदीन’ आणि दुसऱ्यावर ‘रामधनी’ असे असेल, तर दोघे एकच होत हे सिद्ध करण्याचा भार वंशजावर पडतो. ही चूक कारकुनाची होती, याची दखल आजच्या अर्जात घेतली जात नाही.

ज्यांचे गाव सापडतच नाही, त्यांची संख्या सापडलेल्यांहून अधिक असावी. अशा प्रवाशांपैकी बरेच जण कलकत्त्यास जातात. गार्डन रीच आणि खिदिरपूर या हुगळीकाठच्या भागांत मजुरांचे डेपो होते. जवळच मटियाबुर्ज आहे. १९२० च्या सुमारास वसाहतींतून परतलेल्या, पण गावाने आणि जातीने न स्वीकारलेल्या माणसांची वस्ती तेथे झाली होती. पुन्हा फिजीस अथवा गियानास जाणारे जहाज मिळावे म्हणून ती माणसे गोदीपाशी अर्ज घेऊन उभी राहत. गाव त्यांना सापडले होते, पण त्यात जागा उरली नव्हती. आज त्या परिसरात २०११ साली उभारलेले गिरमिटियांचे स्मारक आहे. सुरिनाम घाटावर २०१५ साली बसविलेला ‘माई-बाप’ हा पुतळा आहे. पारामारिबो येथील ‘बाबा आणि माई’ या शिल्पाची ती प्रतिकृती होय. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री गाठोडे घेऊन उभी आहेत. येथे आलेला प्रवासी कोणाची वाट विचारीत नाही. जिल्हा, ठाणे आणि गाव कोणतेही असो, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेल्या प्रत्येक मजुराने या देशाची अखेरची भूमी पाहिली ती याच काठाची.